पडलेल्या आर१५ चा स्ट्रीटफायटर करायचा? आधी हेडपाइप तपासून घे

तुझा प्रश्न मला समजला तो असा. २०१९ ची यामाहा आर१५ व्हर्जन ३, ड्युअल चॅनेल एबीएसवाली, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा दोन्ही चाकांना असलेली. घाटात वळणावर घसरली आणि समोरून कठड्याला धडकली. तुला फारसं लागलं नाही, हे सगळ्यात बरं झालं. किटचा, म्हणजे गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या फेअरिंगचा, चुराडा, हेडलाइट फुटलेला, शॉकअपचे पाइप वाकल्यासारखे दिसतायत, उजवं क्लिप-ऑन, म्हणजे त्या बाजूचं सुटं अर्धं हँडल, वाकलंय. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी. शोरूमचं एस्टिमेट बघून तू म्हणतोस की एवढ्या पैशात किट बसवण्यापेक्षा काढूनच टाकतो, यामाहाच्याच बिनकिटाच्या एमटी-१५ चं हँडल आणि लाइट लावतो आणि स्ट्रीटफायटर करतो.

कल्पना मला मनापासून आवडली. या गाड्यांचा जन्मच असा झाला. १९८५ मध्ये सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० आली आणि रेसच्या गाडीचं फेअरिंग रस्त्यावर आलं. इंग्लंड-जर्मनीतली पोरं त्या गाड्या पाडायची, नवं फेअरिंग खिशाला परवडायचं नाही, मग मोडकं फेअरिंग काढून सरळ हँडल आणि साधे दिवे लावून तीच गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. पुढे हे इतकं रुजलं की ट्रायम्फने १९९७ ची स्पीड ट्रिपल दोन गोल दिव्यांसकट, बिनफेअरिंगची कारखान्यातूनच काढली आणि २००९ मध्ये डुकाटीने तर मॉडेलचं नावच स्ट्रीटफायटर ठेवलं.

पण तुझ्या फोटोंत सगळं प्लास्टिकच दिसतंय, आणि या निर्णयाचा प्लास्टिकशी काही संबंध नाही. निर्णय हेडपाइपवर होतो, म्हणजे स्टेअरिंगचा पाइप चेसीला जिथे वेल्ड केलेला असतो तिथे. तो सरळ असेल तर ही गाडी स्ट्रीटफायटरसाठी उत्तम. तो हलला असेल तर हँडल कुठलंही लाव, गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील आणि ऐंशीच्या पुढे अंगावर काटा आणेल. म्हणून एकही पार्ट विकत घेण्याआधी हे काम कर.

इंजिनखाली जॅक लावून पुढचा भाग उचल. चाक, शॉकअप, दोन्ही टी (शॉकअपचे पाइप धरणारे वरचा-खालचा तुकडा), कोनसेट (स्टेअरिंगची बेअरिंग) सगळं उतरव. हेडपाइप आणि डेल्टाबॉक्सचे, म्हणजे यामाहाच्या या चेसीचे, दोन हात जिथे जुळतात तो भाग रॉकेलने स्वच्छ धू आणि टॉर्च तिरका धरून बघ, विशेषतः खालच्या अंगाने. समोरून मार बसला की ताण तिथेच येतो. रंगाला केसासारखी रेघ गेली असेल, रंगाचा पापुद्रा उठला असेल किंवा पत्र्याला बारीकशी सुरकुती असेल, तर चेसी सरकली आहे असं धरून चाल. मग लॉक स्टॉपर बघ. हँडल पूर्ण वळल्यावर खालची टी चेसीवरच्या ज्या छोट्या उंचवट्याला टेकते, तो उंचवटा एका बाजूला चेपलेला असेल, तर चाक आदळताना हँडल जोरात फिरलं होतं हे कळतं. त्या बाजूचं वेल्ड दुप्पट काळजीने तपास.

डोळ्यांना काही दिसलं नाही तरी माप घ्यायचंच. लेथवाल्याकडून हेडपाइपच्या मापाचा सरळ रॉड करून घे, वरच्या-खालच्या बेअरिंगच्या जागी घट्ट बसेल असा. स्विंगआर्मच्या, आपल्या भाषेत चिमट्याच्या, मोठ्या बोल्टवर लेव्हल ठेवून गाडी आडव्या रेषेत आण आणि समोर उभं राहून त्या रॉडशेजारी ओळंबा सोड. समोरून बघताना रॉड आणि ओळंब्याची दोरी समांतर दिसली पाहिजेत. रॉड डावी-उजवीकडे कललेला असेल तर चेसीला पीळ बसलाय. पीळ नाही पण हेडपाइप मागे दबलाय का, हे एकट्या गाडीवर कळत नाही. त्यासाठी कुणाची तरी न पडलेली व्हर्जन ३ शेजारी उभी कर आणि हेडपाइपच्या खालच्या कडेपासून चिमट्याच्या बोल्टपर्यंतचं अंतर दोन्ही गाड्यांवर, दोन्ही बाजूंनी मोज.

फरक निघाला तर हा प्रोजेक्ट तिथेच सोडून दे, असं माझं स्पष्ट मत आहे. साखळी आणि जॅक लावून चेसी ‘ओढून देतो’ म्हणणारे भेटतील. आर१५ ची डेल्टाबॉक्स ही पत्रा दाबून, वेल्ड करून केलेली पेटी आहे, भरीव लोखंड नाही. एकदा दुमडलेला पत्रा ओढून सरळ दिसला तरी त्याची ताकद परत येत नाही. नवी चेसी टाकायची तर चेसी नंबर बदलतो, आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. अशा वेळी इंजिन आणि चांगले पार्ट विकून मोकळं होणं शहाणपणाचं.

हेडपाइप सरळ निघाला असं धरून पुढे लिहितो.

शॉकअपचे पाइप जाड काचेवर ठेवून हाताने फिरव. खालून फट उघडझाप करताना दिसली की पाइप वाकलाय. वाकलेला पाइप सरळ करू नये असं यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बजावलेलं असतं. प्रेसवर सरळ केलेला पाइप पुढच्या मोठ्या खड्ड्यात दगा देऊ शकतो. नवे पाइप, नवे सील, नवं ऑइल. इथे पैसे वाचवायचे नाहीत. तुझ्या गाडीला ४१ मिमीचे साधे शॉकअप आहेत आणि पहिल्या पिढीच्या एमटी-१५ लाही तसेच. पण २०२१ ची आर१५ व्हर्जन ४ आणि २०२२ ची एमटी-१५ व्हर्जन २ यांना ३७ मिमीचे उलटे, म्हणजे जाड नळी वर असलेले, शॉकअप आहेत. भंगारात कुणी ‘एमटीचा पुढचा सेट’ म्हणून दाखवला तर कुठल्या साली निघालेल्या गाडीचा आहे हे आधी विचार.

आता टी. पहिल्या पिढीच्या एमटीची टी वापरायचा तुझा विचार बरोबर आहे, कारण दोन्ही गाड्यांचं इंजिन तेच १५५ सीसीचं, चेसी एकाच घराण्यातली. तरी ‘बसते म्हणतात’ यावर विसंबू नकोस. पाइपची जाडी, दोन पाइपांमधलं अंतर आणि ऑफसेट, म्हणजे स्टेअरिंगच्या मध्यापासून पाइपांच्या मध्यापर्यंतचं अंतर, ही तिन्ही मापं व्हर्नियरने दोन्ही टींवर घे. वरची आणि खालची टी एकाच गाडीची असू दे. ऑफसेट वाढला की ट्रेल, म्हणजे चाक रस्त्याला टेकतं ती जागा स्टेअरिंगच्या रेषेच्या जितकी मागे असते ते अंतर, कमी होतो आणि गाडीचं तोंड चंचल होतं. क्लिप-ऑन काढून रुंद हँडल लावल्यावर तू सरळ बसणार, अंगाचा भार पुढच्या चाकावरून मागे जाणार, त्यामुळे पुढचा भाग आधीच हलका झालेला असतो. त्यात ट्रेल कमी झाला तर खडबडीत रस्त्यावर हँडल हातात थरथरायला लागतं. आणि जुन्याच टीवर रायझर (हँडल उंच धरणारे तुकडे) वेल्ड करून देणारा कुणी भेटला तर तिथून सरळ घरी ये. तुझं सगळं आयुष्य त्या ओतीव तुकड्यावर टांगलेलं असतं.

हँडल लावताना एक बारीक गोष्ट. स्विचच्या आणि थ्रॉटलच्या डबीत आतल्या बाजूला एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला योग्य जागी भोक पाडायचा कंटाळा करून बरेच जण ती पिनच घासून टाकतात. मग कधीतरी ब्रेक मारताना थ्रॉटलची डबी हँडलवर गोल फिरते. भोक पाड, पिन राहू दे.

हँडल उंच झालं की केबल आणि ब्रेकचा पाइप तोकडे पडतात. पहिली एमटी-१५ सिंगल चॅनेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाच्या, एबीएसची होती, तुझी ड्युअल आहे, त्यामुळे एमटीचा पुढचा ब्रेक पाइप जसाच्या तसा बसेल असं गृहीत धरू नकोस. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, शॉकअप पूर्ण उघडा ठेवून लांबी मोज आणि त्या मापाचा पाइप घे. सगळं जोडल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरव. आयडलिंग वाढलं तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. एबीएसचा दिवा लागला तर पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर बघ, आणि सेन्सरची रिंग धडकेत वाकली नाही ना तेही बघ. हँडल टाकीला टेकत नाही आणि टाकी व हँडल यांच्यात बोटं चिरडत नाहीत एवढी जागा हवी.

वायरिंगमध्येच या गाड्यांची खरी वाट लागते. किटच्या आड कंपनीने कपलर, वायरचे गुच्छ, हॉर्न, मीटर आणि हेडलाइटचा स्टे (धरून ठेवणारी पट्टी) असं सगळं लपवलेलं असतं. किट काढलं की ते सगळं उघड्यावर येतं, पावसात आणि चिखलात. मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीच्या वायरिंगचा जुडगा, कापायचा नाही. हेडलाइटसाठी आर१५ चा मूळ कपलर विकत मिळतो, त्यावरून छोटी जोडवायर तयार करून एमटीच्या दिव्याला दे. उरलेली वायर टाकीखाली घे. हेडपाइपजवळ गुच्छ आवळून टाय करू नकोस, हँडल वळताना वायर तिथेच तुटते आणि वरून धडधाकट दिसते. फ्युएल इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. तो हलवावा लागला तर मूळच्याच दिशेत आणि रबरावरच बसव, तिरका लावलास तर चालत्या गाडीत इंजिन बंद पडेल.

रेडिएटरचंही तसंच. किटचे पंख गरम हवा तुझ्या मांड्यांपासून दूर नेत होते आणि रेडिएटरच्या कडा झाकत होते. आता समोर जाळी आणि बाजूंना पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे गार्ड लागतील. कूलंटची बाटली हलवलीस तर तिचा पाइप तळाशी जोडलेला आणि दुमड न पडलेला असू दे, नाहीतर गार होताना कूलंट परत ओढलं जात नाही. ट्रॅफिकमध्ये फॅन सुरू होतो की नाही हे घरीच उभ्या गाडीवर तपास.

चाक बसल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला दोरी लाव. तुझं मागचं टायर १४०, पुढचं १००. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना लावून पुढे नेलेली दोरी पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण २०-२० मिमीची फट ठेवेल. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, दोन्ही बाजू सारख्या हव्यात.

मागच्या बाजूला फार हात लावू नकोस. शेपटी कापून एक सीट ठेवायची फॅशन मला पटत नाही. मागे बसणाऱ्याचा आधार, त्याचे फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारा साडीगार्ड हे मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात आहेत. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही नीट दिसेल अशीच बसली पाहिजे. दिसायला मस्त करायचं असेल तर उघड्या पडलेल्या चेसीला आणि इंजिनच्या कव्हरला नीट रंग दे, इंजिनखाली छोटी बेली पॅन (झाकणारं कव्हर) लाव. बिनकिटाच्या गाडीत डोळा तिकडेच जातो.

कायद्याचं तू विचारलं नाहीस, पण ऐकून घे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे लावलंय. १८२अ कलमाखाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमटीचे पार्ट यामाहाचेच आहेत म्हणून गाडी आपोआप कायदेशीर होत नाही, आरसीवर ती आर१५ च राहते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचार, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळव. नाही म्हणाले तर गाडी ट्रॅकपुरती ठेवायची किंवा बाजारातलं साधं किट लावून आर१५ च चालवायची. सायलेन्सर मात्र कोणत्याही परिस्थितीत मूळचाच ठेव.

पुढच्या वेळी पूर्ण इन्शुरन्स घेशील तेव्हा झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारी पॉलिसी, बघून घे. साध्या पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात आणि किटवाल्या गाडीचा अर्धा खर्च प्लास्टिकचाच असतो.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. जुना पार्ट घेताना बिल घेच. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर निस्तरायला तू एकटा असतोस. पाइप, सील, कोनसेट, ब्रेक पाइप नवेच घे. टी, हँडल, लाइट, मीटरचा स्टे जुने चालतील, टीवर मार लागल्याची खूण नसेल तर.

आता किट पूर्ण उतरव आणि मला तीन फोटो दाखव: हेडपाइपचं खालचं वेल्ड डावीकडून, तेच उजवीकडून, आणि लॉक स्टॉपर जवळून. फ्लॅश नको, दिवसाउजेडी तिरक्या प्रकाशात काढ. ते बघून पार्टची यादी करून देतो.