तरुणांमधले लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी एक दिवसाचं शिबिर घ्यायचं आहे, त्यात काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की एक रविवार हाताशी आहे, पंधरा ते एकोणीस वयाची साठेक मुलं-मुली येतील, एक वक्ते मिळालेत आणि पत्रकं छापायची आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: तो रविवार मोडा आणि त्याचे सहा तास सहा-आठ आठवड्यांत वाटून घ्या. वक्ते नसले तरी अडत नाही. पत्रकं छापलीत तर छापा, पण भिस्त त्यांच्यावर नको.

आठ-नऊ वर्षं मी हे काम करतेय आणि सुरुवात अगदी तुमच्यासारखीच केली होती. फक्त मुलींना बसवलं, वर सूचनांचा कागद दिला. एकटी जाऊ नकोस, अंधारात थांबू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, वगैरे. संपल्यावर एक मुलगी त्या कागदाची बारीक घडी घालत म्हणाली, "ताई, हे सगळं मी पाळतेच. तो तर आमच्या घरी अभ्यासाला येतो." एवढं बोलून तिने दप्तर उचललं आणि दाराकडे गेली. मला काही सुचलंच नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. या वयात तर मित्र, वर्गातला मुलगा, जिच्याशी किंवा ज्याच्याशी जुळलंय ती व्यक्ती. आपल्या सूचना मात्र अंधारातल्या अनोळखी माणसासाठी लिहिलेल्या असतात. शिवाय मुलीच्या कानात त्यातून वेगळंच शिरतं: काही झालं तर कागदावरचं मीच पाळलं नसणार. मुलांवरही अत्याचार होतात, आणि त्या शिबिरात तर मी मुलांना बोलावलंच नव्हतं.

"ठामपणे नाही म्हणा" हे शिकवायला हरकत नाही, पण त्यावर थांबू नका. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी अंग थिजलं होतं, हलताच येत नव्हतं. म्हणून संमतीचा धडा उलट्या बाजूने द्या. समोरची व्यक्ती गप्प झाली, आखडली, की थांबायचं आणि विचारायचं. ओरडली नाही म्हणजे चाललं असेल, हा हिशेब मुलांच्या डोक्यातून काढायला एक तास पुरत नाही.

मुलींसोबतच्या कामाचं एक चांगलं उदाहरण कॅनडातलं आहे. शार्लीन सेन या संशोधिकेने तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींना दोन गटांत विभागलं. एका गटाला तीन-तीन तासांची चार सत्रं दिली: ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका कसा ओळखायचा, त्याला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प का बसतो, अंगावर आला तर काय करायचं आणि शरीरसंबंधांत आपल्याला स्वतःला काय हवंय. दुसऱ्या गटाला पत्रकं दिली. २०१५ साली निष्कर्ष आले. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, पत्रकवाल्या गटात ९.८. पत्रकांबद्दल मी वर तसं का लिहिलं ते कळलं असेल.

पण जास्त काम मुलग्यांबरोबर आहे, आणि इथेच बहुतेक शिबिरं घसरतात. वक्ता त्यांच्याकडे आरोपी म्हणून बघतो, की ते हाताची घडी घालून मागे रेलतात. मी चिठ्ठ्या वाटते, नावं न घालता. दोनच प्रश्न: मुलींबद्दल घाण बोलणं चाललं असताना तुला अवघड वाटतं का? आणि इथल्या किती जणांना वाटत असेल? चिठ्ठ्या त्यांच्यासमोरच उघडून वाचते. पहिल्याला बहुतेकांचं "हो" असतं, दुसऱ्याला "दोन", "तीन", "कुणालाच नाही". एकदा एक मुलगा शेजाऱ्याकडे बघून म्हणाला, "मग हसतोस कशाला रे?" शेजारी म्हणाला, "तू हसतोस म्हणून." मी एक शब्दही न बोलता सत्र तिथून पुढे चालू झालं.

हे ऐकायला त्यांना वक्ता लागत नाही, ज्याचं ते ऐकतात तो माणूस लागतो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये एलिझाबेथ मिलर या संशोधिकेने १६ शाळांमध्ये हेच करून बघितलं. खेळाचे प्रशिक्षक हंगामभर, आठवड्यातून एकदा, सरावाच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं बोलायचे. विषय साधे: मैत्रिणीचा फोन तपासणं, चारचौघांत तिचा अपमान करणं, संमती. वर्षभराने पाहिलं तेव्हा, ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांकडून मैत्रिणींवरचे अत्याचार कमी झाले होते, आणि दुसऱ्याच्या वाईट वागण्याला हसून साथ देणंही. हाच नमुना पुढे मुंबईत क्रिकेट प्रशिक्षकांना घेऊन राबवला गेला. तुमच्याकडे कबड्डीचा, नाटकाचा, कसलाही दादा असेल तर आधी त्याला तयार करा.

मधे पडणं म्हणजे मारामारी नव्हे, हेही करून घ्यावं लागतं. सांगून भागत नाही, उभं करून वठवून घ्यावं लागतं. मी प्रसंग देते: मित्र दारू प्यायलेल्या मुलीला "सोडतो घरी" म्हणत बाहेर नेतोय. थेट अडवायची हिंमत फार थोड्यांत असते. पण "अरे, तुला आत बोलावतायत" असं खोटंच सांगून त्याला बाजूला काढणं, तिच्या मैत्रिणीला हाक मारणं, मोठ्या माणसाला गाठणं हे जमतं. पहिल्या फेरीत सगळे खिदळतात. खिदळू द्या. तिसऱ्या फेरीला वाक्यं खरी येतात.

एक सत्र नकाशाला द्या. न्यूयॉर्कमधल्या ३० सरकारी शाळांत सहावी-सातवीच्या मुलांकडून शाळेचा नकाशा रंगवून घेतला होता, कुठे सुरक्षित वाटतं आणि कुठे नाही. त्याप्रमाणे शाळेतल्या मोठ्यांनी असुरक्षित जागांकडे आपली ये-जा वाढवली, भित्तिपत्रकं लावली, त्रास देणाऱ्याला अंतर पाळण्याचा लेखी करार करायला लावला. गंमत म्हणजे वर्गातले नुसते धडे फिके पडले. शाळेच्या आवारात केलेल्या या बदलांनी मात्र लैंगिक त्रास कमी झाला. नकाशावर लाल झालेल्या जागी पुढच्या आठवड्यात काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मुलं पुन्हा मनातलं सांगत नाहीत.

आता ती घडी घालणारी मुलगी. पुढच्या वेळी ती आलीच नाही. कुणाकडे पाठवायचं, कुणाला सांगायचं, माझी काहीच तयारी नव्हती. आता पहिल्या सत्राआधी समुपदेशक ठरवलेली असते, तिचा नंबर फळ्यावर असतो आणि कायद्याने काय कळवणं बंधनकारक आहे ते मी तपासून घेतलेलं असतं. गटासमोर स्वतःचा अनुभव कुणालाही सांगायला लावत नाही. कुणी बाजूला येऊन सांगितलं तर "का गेलीस", "आधी का नाही सांगितलंस" असलं काही विचारत नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणते. कुणाला सांगणार नाही असं वचनही देत नाही, कारण ते मोडावं लागू शकतं. पुढे कुणाशी आणि का बोलावं लागेल ते तिला आधी सांगते.

तुमच्या साठ जणांतही असं सांगणारं कुणीतरी निघण्याची शक्यता धरूनच चला. अशी मुलं सत्र चालू असताना नाही, संपल्यावर बोलतील, निघता निघता, दप्तर उचलताना. त्या वेळी खुर्च्या उचलायला दुसऱ्या कुणालातरी सांगा आणि दाराजवळ तुम्ही थांबा.