पऱ्यावरचे दोघे

प्रश्न : आमच्या घरामागच्या पऱ्यावर (ओढ्यावर) पावसाळा सरताना दोन प्रकारचे चतुर दिसतात. एक सडपातळ, हिरवा, पंख मिटून बसणारा. दुसरा जाडसर, पिवळट, सारखा हवेत. ही नर-मादीची जोडी का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नाही हो, जोडी नव्हे. नातं फार तर चुलत घराण्याचं. हिरवी ती टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण सडपातळ कीटक; शास्त्रीय नाव बहुधा न्यूरोबेसिस चायनेन्सिस. नराचे मागचे पंख उघडले की असा हिरवा-निळा लखलखाट होतो की मी हातातला चहा विसरतो! मादी तपकिरी, पंखांवर पांढरे ठिपके. दोघांनाही वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. पऱ्यात साबणाचं पाणी सोडू नका.

पिवळा तो खरा चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, तर टाचणीचे दोन बाजूंना, एकमेकांपासून दूर. त्याला पऱ्याचं अप्रूप नाही, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, खळग्यातलं डबकंही चालतं. ते आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत पिल्लाचा चतुर होतो. आणि मग प्रवास! २००९ साली जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं, की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे पूर्व आफ्रिका गाठतात. मालदीवमध्ये ते ऑक्टोबरात उतरतात.

खात्री करायची तर पाण्यातली पिल्लं बघा. शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असले तर टाचणी. चतुराच्या पिल्लाचे कल्ले पोटात, मागच्या टोकाशी. तिथूनच पाण्याची पिचकारी मारून ते पुढे सटकतं. डासांच्या अळ्या दोघंही खातात, तेव्हा बघून झाल्यावर परत पाण्यात सोडा.