अल्बानियात कमी पैशात फिरता येतं का? बस आणि खाण्याचं कसं जमवायचं?

हो, आरामात येतं, फक्त जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, तेव्हा क्सामिल-सारांडा या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांकडे रूमचे भाव नुसते भडकलेले असतात. मी मेमध्ये सगळं फुर्गोननेच फिरलो, म्हणजे आपल्या वडापसारखी मिनीबस, काचेवर गावाच्या नावाची पाटी, पैसे रोख लेकमध्ये (तिथलं चलन) ड्रायव्हरच्या हातात, पण सकाळीच निघा कारण दुपारनंतर गाड्या कमी होतात. मुक्कामाला बेराट हे जुनं शहर मस्त, जुन्या घरांतली गेस्टहाऊस स्वस्त पडतात आणि किल्ल्यात अजून लोक राहतात. सकाळी बेकरीतला गरम ब्युरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला, पालक नाहीतर चीजचा, मांसाचाही असतो तेव्हा शाकाहारींनी विचारूनच घ्या) खाल्ला की दुपारपर्यंत पोटाची चिंता नाही. कार्डावर मात्र अजिबात विसंबू नका, छोट्या गावांत कॅशच चालते.