गुलमर्गला पाच दिवसांत स्कीइंग शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय की पाच दिवस हातात आहेत, बर्फावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, तर जमेल का. सोप्या उतारावर थांबणं आणि वळणं जमेल. तेवढ्यावर समाधान मानायची तयारी ठेवा. तारखा हलवता येत असतील तर फेब्रुवारी धरा. २१ डिसेंबरपासूनचे चिल्ले कलानचे चाळीस कडाक्याचे दिवस तोवर सरलेले असतात आणि बर्फ भरपूर असतो.

भाड्याच्या सामानात सगळ्यात जास्त वेळ बुटांवर घालवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. मोजा एकच, लोकरीचा. थंडी वाजते म्हणून दोन चढवले की चुण्या पडतात, पाय आवळला जातो आणि रक्त नीट न फिरल्याने उलट जास्त गारठतो. थर्मलची कडही बुटात खुपसू नका, नडगी सोलवटते. स्की हनुवटीपर्यंत येईल एवढी पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावणाऱ्याला वजन खरं सांगा आणि 'थोडं येतं' अशी फुशारकी मारू नका. बाइंडिंग गरजेपेक्षा घट्ट बसलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

स्कीत पाय घालण्याआधी बुटाच्या तळव्याचा बर्फ खरवडा. टाच खटकन बसत नसेल तर बहुधा तिथे गोळा चिकटलेला असतो.

थांबायची पद्धत अशी: स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. उजवा पाय दाबला की डावीकडे वळता. वेग वाढला की माणूस घाबरून मागे रेलतो. मग स्कीच्या पुढच्या भागावर भार राहत नाही, ताबा सुटतो आणि वेग आणखी वाढतो. पडलात तर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या, आपल्या खालच्या बाजूला आणा, मगच उठा.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. पहिल्या दिवशी धाप लागणारच. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे साडेतीन हजारांच्या बराच वर नेतो. तिथून स्की करत उतरणं नवख्याचं काम नाही, हिमस्खलनाचा धोका खरा आहे. बघायला जायचं तर जरूर जा, पण वारा असला की तो टप्पा बंद राहतो.

गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गला गमबूट आणि ओव्हरकोट भाड्याने घ्यायचा आग्रह होईल. स्कीइंगला दोन्ही निरुपयोगी. जीन्सही नको, भिजली की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा. आणि फोन पोस्टपेडचा न्या, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही.