जाडी नको, लांबी वाढवा

प्रश्न : आमची वीस फुटी फायबरची होडी देवबागला खाडीतल्या धक्क्याला रात्रभर बांधलेली असते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला बघावं तर ती एका अंगावर कललेली, दोरावर लोंबकळत असते. परवा होडीवरचं दोर बांधायचं पुढचं क्लीटच उखडलं. दोर आणखी जाड घ्यावा का?

उत्तर : नाही. जाड दोर तग धरेल, पण मग पुन्हा क्लीटच जाईल. भरतीला होडी धक्क्याच्या पातळीवर असताना दोन मीटरचा दोर ताठ बांधला आणि सव्वासहा तासांत पाणी दोन मीटर उतरलं, तर त्याला ८३ सेंटिमीटर जास्त लांबी लागते. ती कुठून येणार? तोच दोर धक्क्याच्या कडेने लांबवर नेऊन आठ मीटरचा केला, तर २५ सेंटिमीटर पुरतात. तेवढी ढील बांधतानाच सोडता येते.

म्हणून नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा दोर पुढे न्या, मागचा मागे. शिवाय दोन दोर उलटे घ्या : नाळेवरून मागे एक, मागून पुढे एक. खाडीच्या ओढीने होडी मागेपुढे सरकते ती याच दोघांमुळे थांबते. चौघेही १२ मिलिमीटरचे, तीन पेडी नायलॉनचे असावेत. नायलॉन ताणतं, म्हणून लाटेचा हिसका क्लीटपर्यंत पूर्ण पोचत नाही.

स्वस्त पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोर इथे वापरू नका. तो तरंगतो, सुटला की इंजिनाच्या पंख्यात जातो. उन्हाने कडक होतो. पेड उलगडून पाहा, आत भुगा दिसला तर दोर बाद. धक्क्याच्या कडेवर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा. नवं क्लीट स्क्रूवर बसवू नका. आरपार बोल्ट, खालून स्टीलची पट्टी.

प्रश्न : ताणलेला दोर सुटत नाही, तेव्हा काय करायचं?

उत्तर : ताण असताना पक्का (न सरकणारा) फास सुटतच नाही, तो होडीकडच्या टोकाला ठेवा. धक्क्यावरच्या खुंट्याला दोन पूर्ण वेढे आणि वर दोन अर्ध्या गाठी. गाठी सोडल्या तरी वेढे भार धरून राहतात आणि दोर हळूहळू सैल करता येतो. दोर हाताला कधीच गुंडाळू नका, बोटं वेढ्यापासून हातभर लांब. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेलं नायलॉन उलटं फटकारतं, डोळा जाऊ शकतो. होडी धक्क्यावर आपटतेय म्हणून मध्ये पाय घालू नका, तिथे टायर टांगा. अगदीच अडकलं तर बाजूला उभं राहून कापा. त्यासाठी सुरी सुकाणूजवळ कायम हाताशी असावी.