चेकपॅचचा इशारा आणि मेंटेनरचा शब्द

सोलापूर, भोगीचा दिवस

चिरंजीवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लिनक्स कर्नलच्या (त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नेटवर्क विभागाला पाठवलेली तुझी चौदा पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या प्रस्तावांची, मालिका तो विभाग सांभाळणाऱ्या मेंटेनरने दोन ओळींच्या उत्तरासह परत केली, आणि चेकपॅच या टूलने दाखवलेल्या त्रुटीच दुरुस्त केल्या असताना आपले चुकले कुठे, असे तू विचारले आहेस. मी चौदाही पॅच वाचले. तुझी मेहनत खरी आहे, तरीही मेंटेनरचा निर्णय मला योग्य वाटतो. तो का, हे सविस्तर लिहितो.

चेकपॅच ही कर्नलच्या स्रोतातच ठेवलेली, पर्ल भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट आहे. कोडच्या मांडणीचे नियम पाळले आहेत का, हे ती मजकूर ओळीओळीने पाहून तपासते. कोड काय काम करतो हे तिला कळत नाही. ती मार्गदर्शनापुरती आहे, माणसाच्या विवेकाला पर्याय नाही, आणि नियम मोडून कोड अधिक चांगला दिसत असेल तर तो तसाच ठेवावा, असे कर्नलच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. शिवाय तिच्यातला प्रत्येक नियम कोणीतरी माणसाने, त्या वेळच्या गरजेप्रमाणे घातलेला आहे. ओळ ८० अक्षरांपुढे गेली की ती वर्षानुवर्षे इशारा देत असे. २०२० मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या आग्रहाविरुद्ध स्पष्ट मत मांडल्यावर इशाऱ्याची मर्यादा १०० झाली, आणि कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात मात्र ८० हीच पसंतीची मर्यादा राहिली. म्हणजे ज्याला तू टूलचा हुकूम समजलास, तोही माणसांनी आपसात ठरवलेला आणि बदललेला संकेतच आहे.

आता तुझा सहावा पॅच समोर ठेव. त्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये, रजिस्टरांचा (हार्डवेअरमधल्या छोट्या साठवण-जागांचा) एक तक्ता आहे: नाव, पत्ता आणि सुरुवातीचे मूल्य असे तीन रकाने एकाखाली एक लावलेले. त्यातल्या चार ओळी लांब आहेत म्हणून तू त्या मोडून प्रत्येकीच्या दोन केल्या. इशारा गेला, पण रकानेही गेले. पूर्वी पत्त्यांच्या रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी एखादा आकडा क्रम सोडून आहे हे दिसत असे. आता तो तक्ता बोट ठेवून वाचावा लागतो. अकराव्या पॅचमध्ये याच्या उलट झाले आहे. फंक्शनच्या सुरुवातीला तू एक नवा व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव), आखूड ओळीचा, सर्वांत वर घातलास. नेटवर्क विभागात स्थानिक व्हेरिएबल लांब ओळीकडून आखूड ओळीकडे उतरत लिहितात. त्याला तिथे उलटा ख्रिसमस ट्री म्हणतात. चेकपॅच याबद्दल काहीच बोलत नाही, पण तिथल्या रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्याला ते सर्वांत आधी खटकते. त्याच फाइलमधली आजूबाजूची पाच फंक्शने तू वाचली असतीस तर हा संकेत तुला न विचारता समजला असता.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो; पण नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांपैकी एक चुकीच्या जागी ओवली गेली, तर माग न थांबता बिघडलेल्या नक्षीची चादर विणत राहतो, आणि ती चूक विणकराच्याच लक्षात येते. टूलच्या गप्प बसण्याला मंजुरी समजू नकोस, एवढ्यासाठीच हे आठवले.

मेंटेनरने मालिका परत करण्याचे मोठे कारण मात्र आणखी वेगळे आहे. दुसऱ्या कामाचा भाग नसलेली, केवळ चेकपॅचचे इशारे घालवण्यासाठी केलेली सफाई नको, असे नेटवर्क विभागाने आपल्या दस्तऐवजात लिहूनच ठेवले आहे. ही अडवणूक नव्हे. प्रत्येक पॅच कोणाला तरी वाचावा लागतो. एखादी ओळ शेवटी कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) बदलली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये त्या ओळीचे मूळ कारण सांगणाऱ्या कमिटऐवजी तुझी सफाई आधी दिसते. आणि पुढे एखादी दुरुस्ती जुन्या स्टेबल (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) आवृत्तीत न्यायची वेळ आली की आजूबाजूच्या ओळी बदललेल्या असल्यामुळे ती सरळ बसत नाही. हा भार तुझ्यावर पडत नाही, तो त्यांच्यावर पडतो.

याचा अर्थ माणसाचा शब्द नेहमीच टूलच्या वर, असा मात्र करू नकोस. काही वर्षांपूर्वी एका लहान पायथन प्रकल्पात मी रिव्ह्यू करत होतो. एका नवख्या मुलीला मी अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, यासाठी तीनदा पॅच बदलायला लावला. तिसऱ्या वेळेनंतर ती परत आली नाही. तिने सोडवलेला प्रश्न महत्त्वाचा होता आणि त्याबद्दल मी एक वाक्यही लिहिले नव्हते, याची मला अजून खंत आहे. त्यानंतर आम्ही ब्लॅक हा फॉरमॅटर, म्हणजे मांडणी आपोआप करणारे टूल, बसवला. तो दुहेरी चिन्हे घालतो, ओळ ८८ अक्षरांवर धरतो आणि कोणाचीही आवड विचारत नाही. गो भाषेत हे काम गोफम्ट करतो आणि तिथे मांडणीवरून वाद घालण्याची कोणाला गरज पडत नाही. जे समुदायाने एकदा टूलच्या हाती सोपवले आहे, तिथे टूलचेच ऐकावे आणि मेंटेनरनेही ऐकावे. कर्नलच्या नेटवर्क विभागाने मांडणी अशी सोपवलेली नाही, म्हणून तिथे ती फाइल सांभाळणाऱ्यांचा शब्द आधी. तो तुला पटला नाही तर कारण विचार; बहुतेक वेळा ते कोणत्या तरी जुन्या कमिटच्या संदेशात सापडते.

आता पुढचे. तुझ्या नवव्या पॅचमध्ये, रिकाम्या ओळी काढता काढता, काम मध्येच फसले तर न सुटणारी मेमरी तू मोकळी केली आहेस. तो खरा दोष आहे. चेकपॅचने तो दाखवलेला नाही. तुला तो दिसला, कारण तू तो कोड वाचत होतास. तेवढाच बदल वेगळा काढ, रिकाम्या ओळी जशाच्या तशा राहू दे, विषयाच्या ओळीत नेट-नेक्स्ट (नव्या कामाची शाखा) ऐवजी नेट (दुरुस्त्यांची शाखा) लिही, आणि दोष ज्या कमिटमुळे आला तो शोधून त्याचा उल्लेख करणारी फिक्सेसची ओळ जोड. मेंटेनरला आभाराचे दोन शब्द लिही, स्पष्टीकरण नको. एकदा पाठवल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा पाठवू नकोस, तो तिथला नियम आहे. कमिटचा संदेश आधी मला दाखव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझा शुभचिंतक