मुंबई इतक्या वेगानं का वाढली? बाहेरून येणारे लोंढेच त्याला कारणीभूत आहेत का?

लोक आले म्हणून मुंबई वाढली हे खरंच आहे. पण ते काही आजचं नाही. 1921 च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर पाचांपैकी चाराहून जास्त माणसांचा जन्म शहराबाहेरचा होता आणि त्यांत मोठा भरणा रत्नागिरीकरांचा. गिरण्यांना माणसं हवी होती, कोकणात पोट भरत नव्हतं. आज ज्यांना आपण 'मूळचे मुंबईकर' म्हणतो, त्यांतले कितीतरी याच लोंढ्यांची नातवंडं-पतवंडं.

माझ्या मते खरं दुखणं वेगळं आहे. 1947 च्या भाडेकायद्यानं भाडी गोठवली आणि भाड्यासाठी चाळी बांधणं परवडेनासं झालं. माणसं मात्र येतच राहिली. 1951 ते 1981 या काळात बृहन्मुंबई साधारण 30 लाखांवरून 82 लाखांवर गेली. ही माणसं राहणार कुठे, तर झोपडपट्टीत. 2011 मध्येही शहरातले 41 टक्के लोक तिथेच होते.

यातून वाट होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1965 मध्येच सुचवलं होतं की खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि राज्य सरकारची कार्यालयंही तिकडे न्या. ते शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवायला 1970 ला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, घरं उभी राहिली. मंत्रालय मात्र हललं नाही. उलट त्याच सुमाराला नरिमन पॉइंटला भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे चढवले गेले. राजधानीनं नोकऱ्या दक्षिण टोकाला धरून ठेवल्या आणि माणसं उत्तरेला ढकलली. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली आणि ठाणे जिल्ह्याची 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. विरार, बदलापूर, आसनगावहून लोकलच्या दारात लटकत येणारी गर्दी यातूनच तयार झाली. लोकलच्या मार्गांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात आणि ते आपल्या अंगवळणी पडलंय, याचा मला फार संताप येतो.

मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला, म्हणून पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतं. भातसा धरण तर आज शहराची जवळपास निम्मी तहान भागवतं. दोन्ही आमच्या तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते, कारण धरण खाली, पाडे वर, आणि पाणी वर चढवायच्या योजना वर्षानुवर्षं रखडलेल्या. शंभर किलोमीटरवरच्या शहरापर्यंत जलवाहिनी पोचते, डोंगरावरच्या पाड्यापर्यंत नाही.

आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा घाट घातलाय. त्यातही गावं उठणार आहेत. तिथल्या लोकांना पाणी, जमीन आणि पुनर्वसन आधी मिळावं, भिंत नंतर बांधावी, एवढी मागणी मुंबईकरांनी स्वतःहून करायला हवी, कारण ते पाणी त्यांच्याच नळाला येणार आहे.